चौदा महिने झाले, लेकरू अजून 'आई' म्हणंना

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून इथं नुसता वाचतोय, लिहायलोय आज पहिल्यांदा. आमचं लेकरू परवा चौदा महिन्यांचं झालं. चालतंय, पळतंयच म्हणा ना. दात आठ आलेत. खाणं-पिणं ठीक. पण बोलंना. म्हणजे तोंड बंद नसतं, सकाळी डोळे उघडल्यापासून 'बाबाबाबा, दादादा, आबऽऽ गीऽ' असा कारखाना चालू. पण आईकडं बघून आई नाही, माझ्याकडं बघून बाबा नाही. 'बाबाबा' भिंतीलाही म्हणतो अन् कुकरलाही.

घरात रोज एक नवा वैद्य. आमच्या मातोश्री म्हणतात, तू अडीच वर्षं मुका होतास, आता बंद होतोस का? सासूबाईंचं म्हणणं, पोरगं आहे, पोरं उशिराच बोलतात. शेजारच्या काकूंच्या नातीनं अकराव्या महिन्यात 'आजी पाणी दे' म्हटलं म्हणे. (मी ऐकलंय तिला. ती 'पा' म्हणते.) पण हिच्या मनाला लागलंय ते. रात्री त्याला मांडीवर घेऊन 'आ-ई, आ-ई' शिकवत बसते आणि तो तिच्या नाकात बोट घालतो.

एकच आवाज जरा ठरल्यासारखा वाटतो. आमच्या गल्लीत आठ दिवसांआड टँकर येतो. तो आला की पोरगं दारात जाऊन 'तांता! तांता!' करत नाचतं. पण तो काय शब्द नव्हे, बायकांचा गलका ऐकून चेव येतो त्याला.

थांबावं का दाखवावं? दाखवायचं तर कुणाला?

गंगाखेडची_सून

अहो थांबा हो, चौदा महिने म्हणजे काय वय झालं का! आमच्याकडं पोपटानं उष्टावलेला पेरू देतात. माझ्या दिराला दिला होता. पेरूचा गुण म्हणा नाहीतर काय, पण दीर आता विमा विकतात आणि समोरच्याला श्वास घेऊ देत नाहीत. तोवर वेखंड उगाळून मधातून जिभेवर चोळा. जीभ हलकी होते.

तिखटजाळ (नांदेड)

ताई, पेरूचं चालू द्या, फार तर पोपट उपाशी राहील. वेखंडाचं मात्र नको. माझ्या भाच्याला असंच चाटवलं होतं, रात्रभर उलट्या. मधाबद्दलही सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत लहान बाळवाले असतील: एक वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा द्यायचं नाही. मधात कधीकधी असे जिवाणू असतात की बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. मोठ्यांना त्यानं काही होत नाही, म्हणून आज्यांना पटत नाही.

बाकी मांजराकाठ, मोबाईल किती देता ते खरं सांगा.

मांजराकाठ

जेवताना. खोटं कशाला बोलू. वरण-भाताच्या प्रत्येक घासाला एक गाणं लागतं.

शब्दफुटवा (छ. संभाजीनगर)

मी वाचा-उपचारांचं काम करते, बारा वर्षं झाली. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी टाकलीत आणि वर 'तो काय शब्द नव्हे' म्हणून मोकळे झालात. त्यावर येते, पण जरा मागून सुरुवात करू द्या.

लेकरू दोन-तीन महिन्यांचं असताना हुंकार देतं, ते सगळीच देतात. जन्मतः ऐकू न येणारं बाळसुद्धा देतं. म्हणून 'आमचं बाळ छान हुंकार देत होतं' यावरून कानाचं काही कळत नाही. खरी कसोटी पुढं असते. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या मध्ये व्यंजन आणि स्वर जोडून पट्टा सुरू होतो, बाबाबा, ददद, मममम. हा पट्टा यायला स्वतःचा आणि दुसऱ्याचा आवाज कानावर पडावा लागतो. ऐकू न येणाऱ्या लेकरांत तो फार उशिरा येतो, कधी नीट येतच नाही. दहा महिने होऊन गेले आणि तोंडात नुसतंच 'आऽ ऊऽ' असेल, तर मी शब्दांची वाट बघत नाही, आधी कानाची तपासणी करायला लावते. तुमच्याकडं 'बाबाबा' आहे, 'दादादा' आहे, 'गी'सुद्धा आहे. चांगलं लक्षण.

आता शब्द कशाला म्हणायचं? उच्चार स्पष्ट असावा अशी अट नाही. एकच आवाज, ठरावीक गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा, आपणहून. बस्. 'भू' म्हणजे कुत्रा असेल तर तो शब्द. 'मम' म्हणजे पाणी असेल तर तोही शब्द. भिंतीला आणि कुकरला म्हटलेलं 'बाबाबा' शब्द नाही, ते गाडी सुरू करून जागेवर रेस देणं आहे. आणि 'तांता'... टँकर आला की दर वेळी तेच?

एक काम करा. टँकर नसलेल्या दिवशी, घरात शांतता असताना, हातवारे न करता, त्याच्या मागून नेहमीच्या आवाजात विचारा, 'टँकर कुठंय?' आणि तो काय करतो ते जसंच्या तसं इथं लिहा. अर्थ लावू नका, फक्त काय केलं ते लिहा.

अजून दोन प्रश्न. तो बोट दाखवतो का? हवं ते मागायला नाही, नुसतं 'ते बघ' म्हणून? आणि 'चप्पल आण', 'दिवा कुठंय' असलं काही कळतं का?

जुनाखांब (हिंगोली)

मी निवृत्त शिक्षक. सहसा लिहीत नाही, पण वरचं वाचून राहवलं नाही.

माझी धाकटी नात. हसरी, गोरी-गोमटी, नजरेला नजर देणारी. तिचे आई-बाप आते-मामेच, आपल्याकडं मामाची पोरगी करण्यात काय नवल. वर्षाची झाली तरी तोंडातून 'आऽ' आणि 'ऊऽ' याच्यापलीकडं काही नाही. मला शंका आली होती. मग आम्ही काय केलं, तर घरातली पितळी थाळी तिच्या मागं नेऊन वाजवली. पोरगी गर्रकन वळली. झालं, सगळे खूश. 'ऐकू येतंय की!' एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही टाळी वाजवली, ती वळली, ते म्हणाले लवकर आहे, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. आम्ही बघितली. अडीचाव्या वर्षी बेरा तपासणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्रानं बघतात ती) झाली तेव्हा कळलं की दोन्ही कान खूप कमजोर. थाळीचा दणका तिला पोचत होता, बोलणं पोचत नव्हतं.

आता सात वर्षांची आहे. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, शाळेत जाते, गणितात हुशार आहे. मला 'आपा' म्हणते. 'आबा'तला ब अजून येत नाही, आणि मला तो आता नकोही आहे. पण ती दीड वर्षं, थाळी वाजवून समाधान मानलं ती, रात्री आठवतात.

शब्दफुटवा

गुरुजी, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. थाळी हा आपल्याकडचा घरोघरचा घोटाळा आहे. दणक्याचा हादरा जमिनीतून कळतो, हवेचा झोत कळतो, सावली हललेली दिसते. शिवाय कित्येक मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि स, श, फ सारखे बारीक आवाज येत नाहीत. अशी मुलं गाडीच्या हॉर्नला वळतात, आईच्या हळू हाकेला नाही. घरी बघायचंच तर कुजबुजून नाव घ्या, प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ करा. आणि तेही तपासणीच्या ऐवजी नाही.

हजार बाळांमागं एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकण्याचा दोष असतो. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते, आणि मराठवाड्यात आते-मामे लग्नं किती आहेत हे मी सांगायला नको. कुणाला दोष द्यायला म्हणत नाही, मीसुद्धा माझ्या मामाचीच सून. एवढंच, की अशा घरात बाळाची पहिली कानतपासणी महिन्याभरात व्हायलाच हवी. दोष असेल तर तीन महिन्यांच्या आत पक्कं कळावं आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र लागावं, हा जगभरचा संकेत आहे. पहिली तपासणी म्हणजे कानात छोटी नळी ठेवतात, बाळ झोपलेलं असलं तरी होते, काही मिनिटांचं काम.

पाचवा_महिना (बीड, अंगणवाडी सेविका)

नमस्कार ताई, गुरुजी. आमच्याकडं आरोग्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ पासूनची योजना आहे. ऐकण्याचं, बोलण्याचं काही वाटलं तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, फी नाही. मांजराकाठ दादा, तुमच्या गावात पण येतं, सेविकेला विचारा. लोकांना वाटतं अंगणवाडीत नुसता खाऊ मिळतो.

माझं वेगळंच दुखणं आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आठ महिन्यांचं लेकरू 'बाबाबा' करत जातं आणि चौदा महिन्यांचं होऊन परत येतं. मधलं सगळं कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत. आई-बाप पहाटे चारला फडात, लेकरू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीशीच कुणी बोलत नाही, ती काय बोलणार? परत आल्यावर माझ्या वजनकाट्यावर बसतं ते लेकरू नुसतं बघत राहतं. कान चांगले असतात. मग मी घरी जाऊन बहिणीला शिकवते, भांडी घासताना त्याला सांगत जा, ही पळी, हा तांब्या, हे बघ पाणी सांडलं. त्या पोरी फार मन लावून करतात. पंधरा दिवसांत फरक पडतो कधीकधी.

एक गंमत सांगते. गेल्या साली एक जोडपं कर्नाटकातल्या कारखान्यावरून परत आलं. लेकरू 'बा, बा' म्हणायचं. बाप लई खूश, मला म्हणतंय म्हणून. मी बघितलं तर पोरगं हात आपल्याकडं हलवत होतं, आणि म्हणत होतं मलाच! मला आधी कळंना. मग आठवलं, कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. कोपीशेजारच्या कानडी पोरांनी त्याला तसं बोलवून बोलवून शिकवलं होतं. बापाचं तोंड एवढंसं झालं.

देगलूरवेस

हे वाचून हसू आलं आणि धीरही आला. आमच्या घरात आजी तेलुगू, मी मराठी, नवरा घरात मराठी आणि दुकानात दखनी. मुलगी सोळा महिन्यांची. दुधाला 'पालु' म्हणते, पाण्याला 'पानी', कावळ्याला 'काऊ'. सगळे म्हणायलेत की तीन भाषांनी डोकं गोंधळलंय, एकच भाषा ठेवा. खरंय का ते?

शब्दफुटवा

नाही. दोन-तीन भाषांमुळं बोलणं अडत नाही. फक्त मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. तुमचे वरचेच तीन झाले. आजीला तेलुगू बोलू द्या, तिनं मोडक्या मराठीत बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तांड्यावरची (किनवट)

आमच्याकडं नेमकं हेच झालं. माझं लेकरू मला 'याडी' म्हणतं, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी. दवाखान्यात विचारलं, आई म्हणतं का? मी म्हटलं नाही. लिहून टाकलं, 'बोलत नाही'. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय सांगून बसले!

तिखटजाळ

😄 सरकारी दप्तरात मुकं, घरात याडी याडी करून डोकं खातंय.

'आई' या शब्दाचंच जरा अवघड आहे बघा. नावाला एक व्यंजन नाही त्यात. लेकरांना ओठ मिटून उघडले की होणारे आवाज सोपे. म्हणून जगभर मामा, पापा, बाबा. रोमन याकोबसन म्हणून मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांचं म्हणणं असं की दूध पिताना तोंड बंद असतं तेव्हा नाकातून निघतो तो 'म्म्'च पुढं 'मामा' होतो. मराठीत मात्र मामा म्हणजे आईचा भाऊ. दूध पाजायचं आईनं आणि नाव मामाचं.

जुनाखांब

आमच्या पिढीत 'आई' कुठं होती? आम्ही 'माय' म्हणायचो. त्यात म आहे. शहाणपण होतं म्हणायचं त्यात.

गंगाखेडची_सून

घ्या! मग मांजराकाठ, बायकोला सांगा, 'माय' शिकवा. वेखंड राहिलं.

शब्दफुटवा

गंगाखेडच्या ताई, तुमच्याशी भांडण नाही माझं 🙂

मोबाईलचं राहिलं होतं. २००३ साली अमेरिकेत सिएटलला पॅट्रिशिया कूल यांनी एक प्रयोग केला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली, बोलली. काहींना तीच माणसं, तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले. पडद्यावाल्यांना काहीही नाही, जशी कोरी होती तशीच. तेव्हा घासागणिक गाणं लावून भात पोटात जाईल, शब्द जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक वर्षाच्या आत पडदा नकोच असं सांगितलंय, आणि त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत न दिलेला बरा.

मांजराकाठ

तीन दिवसांनी आलो. कालच्या रविवारी ताईंनी सांगितलेलं केलं. जसंच्या तसं लिहितो.

दुपारी दोन. बाहेर ऊन म्हणजे डांबर वितळायलंय. टँकर दोन दिवस येणार नव्हता. पोरगं फरशीवर बसून डब्याचं झाकण फिरवत होतं, माझ्याकडं पाठ. मी स्वयंपाकघराच्या दारातून, हात मागं बांधून, म्हटलं, 'टँकर कुठंय रे?' झाकण थांबलं. माझ्याकडं बघितलं नाही. उठला, दारात गेला, बाहेर बघितलं. गल्ली मोकळी. मग परत आत आला आणि मोरीकडं गेला, तिथं आमचे निळे बॅरल आहेत दोन, आणि वर गुंडाळून ठेवलेला पाइप. त्या पाइपकडं बोट केलं आणि म्हणाला, 'तांता.' हळू. नाचला-बिचला नाही.

मी हिला हाक मारली. ती म्हणाली परत विचारा. परत विचारलं तर चिडला आणि पाइप ओढायला लागला.

संध्याकाळपासून आम्ही दोघं त्याच्या मागं-मागं. नळाला थेंब आला, तांता. कूलरमध्ये पाणी टाकलं, तांता. आजोबा चूळ भरायले होते, त्यांच्या तोंडाकडं बोट करून, तांता. 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो, एकच आणतो पण आणतो. बोट तर दिवसभर दाखवतो, विमान, पाल, पंखा.

२०१६ ला रेल्वेनं मिरजेहून पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रात्र-रात्र लाइनीत उभं राहिलेलो आम्ही. आता आमच्या पोराचा पहिला शब्द टँकर! लातूरचा आहे हे सिद्ध करायला आधार कार्ड लागणार नाही.

शब्दफुटवा

मांजराकाठ, अभिनंदन. शब्द आहे. अस्सल, शंभर नंबरी. गलक्यामुळं चेव येतो म्हणालात ना? गलका नसताना आला, तुमच्या प्रश्नाला आला, आणि गाडी समोर नसताना आला. त्याच्या दृष्टीनं टँकर म्हणजे चाकं नव्हेत, टँकर म्हणजे पाइपातून पाणी येणं. म्हणून नळ, कूलर, आजोबा सगळे तांता. एका शब्दाच्या पोत्यात लेकरं असं बरंच काही भरतात. पुढं 'मम', 'पाणी' आले की पोतं आपोआप हलकं होतं.

'ट'चा 'त' झालाय त्याची काळजी नको. ट म्हणायला जीभ मागं वळवावी लागते, ते नंतर जमतं. ऐकायला मात्र त्याला दोन्ही वेगळे येतात. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले हेच ट आणि त ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळायचा. वर्ष भरत आलं की त्याच इंग्रजी घरातल्या बहुतेक बाळांना कळेनासा व्हायचा, कारण घरात तो फरक लागतच नाही. आपल्या लेकरांना लागतो, म्हणून टिकतो. 'टाक' आणि 'ताक' यात गफलत केली तर मराठवाड्यात जेवायला मिळायचं नाही.

(त्याला 'तांता नाही, टँकर म्हण' असं अडवू नका. तुम्ही म्हणायचं, 'हो, टँकर आला, पाणी आलं.' एवढंच.)

तरी एकदा कानाची तपासणी करून घ्या, जन्मल्यावर झाली नव्हती ना? मनाला शांतता. आणि वाचणाऱ्यांसाठी, मी कुठं थांबत नाही ते सांगून ठेवते. वर्षाचं होऊनही पट्टा नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, येत होतं ते बोलणं गेलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. पोरगं आहे, घराण्यातच उशीर आहे, ही कारणं तपासणीच्या नंतर सांगायची. मुलगे सरासरीनं थोडे मागं असतात हे खरं, पण थोडे. त्या 'थोड्या'च्या आड गुरुजींच्या नातीसारखी दीड वर्षं जातात.

मांजराकाठ

नव्हती झाली. खाजगीत जन्म, कुणी सांगितलंच नाही. इथल्या सेविकाबाईंना विचारलं, गुरुवारचा दिवस दिलाय.

मातोश्रींना 'अडीच वर्षं मुका होतो' याबद्दल खोदून विचारलं. तेव्हा म्हणाल्या, मुका नव्हतास, 'हम्मा' म्हणायचास गाईला, पण ते काय बोलणं आहे का!

पाचवा_महिना

😂 दादा, तुमच्या घरात शब्द मोजायची पद्धतच कडक आहे.

मांजराकाठ

गुरुवारी जाऊन आलो. पोरगं मांडीवर झोपलं होतं, दहा मिनिटांत झालं. दोन्ही कान पास.

जेवताना मोबाईल बंद करून चार दिवस झाले. पहिले दोन दिवस घरात महाभारत, भात भिंतीला. आता कूलरकडं बघत जेवतो. हिनं 'आ-ई' शिकवणं सोडलंय, पाणी भरताना त्याला बाजूला बसवून सांगत असते, हा पाइप, ही घागर, ही भरली.

आज सकाळी टँकर आला. ही पाइप धरून उभी, पदर खोचलेला, चिंब. पोरगं दारातून तिच्याकडं बघून ओरडलं, 'तांताऽऽ!' टँकर तर निघून गेला होता कोपऱ्यावरून. हिनं मागं वळून बघितलं, परत त्याच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, 'मलाच म्हणायलंय हो हे.'

गंगाखेडची_सून

ओ दिली का मग तिनं?

मांजराकाठ

दिली. पाइप बॅरलमधून सुटला, अर्धी गल्ली भिजली, पण दिली.